बदली गार्ड

राधेश्याम शेठांनी दुकानावर बोलावलं, तेव्हाच अरुंधतीच्या मनात पाल चुकचुकली होती. फोनवर ते एवढंच म्हणाले होते, "मॅडम, येऊन जा जरा. समोरासमोर बोलायची गोष्ट हाय."

शेठ लोखंडाचे व्यापारी. मराठवाड्यातल्या सहा शहरांची महिला बास्केटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा जालन्याचा संघ त्यांनी घेतला. खेळातलं आपल्याला काही कळत नाही, हे ते मोकळेपणाने सांगत. पैसा त्यांचा आणि संघ अरुंधतीचा, असा तो व्यवहार होता. अरुंधती मुलींच्या शाळेत क्रीडाशिक्षिका. एके काळी विद्यापीठाकडून खेळलेली. मग लग्न झालं, नोकरी लागली, खेळ मागे पडला तो पडलाच. वर्षानुवर्षं शाळेच्या मैदानावर पोरींना चेंडूचे टप्पे मारायला शिकवून झाल्यावर, उतरत्या वयात, हा एक संघ तिच्या वाट्याला आला होता. त्याला ती जिवापाड जपत होती.

"नांदेडवाले अंतरा द्यायला तयार झाले," चहाचा कप पुढे सारत शेठ म्हणाले.

अरुंधतीचा हात कपापाशी थांबला. अंतरा म्हणजे सहा फुटांची सेंटर. गेल्या वर्षीच्या फायनलमध्ये तिने बास्केटखाली ठाण मांडून जालन्याच्या पोरींना चेंडूला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. तो सामना अरुंधतीला अजून झोपेत दिसायचा.

"बदल्यात काय मागतात?"

"एक गार्ड. दोघींतली कोनतीबी चालंल म्हणले. आता स्वराला तर आपन देत न्हाई. तिचा फोटो पोस्टरवर हाय. राह्यली ती दुसरी. ती... काय नाव तिचं, पिंपळगावची?"

"दैवशाला."

"हां, बराबर. ती तर तशीबी बसूनच राह्यते ना?"

शेठ पुढे म्हणाले, "रविवारपर्यंत अदलाबदल करता येते. मंग बंद. अन् एक सांगून ठिवतो मॅडम, या साली कप न्हाई आला तर मला बी इचार करावा लागंल. हारनाऱ्या घोड्यावर खर्चा कोन करतं?"

बसून तर दैवशाला राहायचीच. संघाची पहिली गार्ड स्वरा. ती चेंडू घेऊन निघाली की वाऱ्याची झुळूक गेल्यासारखं वाटायचं, आणि प्रेक्षक उभे राहायचे. पण स्वराचं डोकं लवकर तापायचं. पाचव्या फाउलला खेळाडू बाद, म्हणून तिसरा झाला, चौथा झाला, की अरुंधती मागे न बघता नुसती हाक मारायची, "दैवशाला." तोवर दैवशालाने जॅकेट काढून ठेवलेलं असायचं. आत गेल्यावर ती चेंडू सावकाश पुढे आणायची, जिला द्यायचा तिला द्यायची, आणि आपल्या जागेवर परत यायची. तिच्या खेळाला कुणी टाळ्या वाजवल्याचं अरुंधतीला आठवत नव्हतं. पण तिच्या हातून चेंडू गेल्याचंही आठवत नव्हतं. ती आत असली की अरुंधती खुर्चीला पाठ टेकून बसायची. सबंध सामन्यात तिला पाठ टेकायला मिळायची ती तेवढीच.

दैवशाला कुंभार पिंपळगावची, शेतकऱ्याची पोर. बीएस्सी करून जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली होती. ओल्या कागदावर मांडलेलं बी किती उगवलं, हे तपासायचं तिचं काम. एका नर्सबरोबर खोली करून राहायची. सकाळच्या सरावाला सगळ्यांच्या आधी यायची, आणि पोरी येईपर्यंत कोर्टावरचा कडुलिंबाचा पाला झाडून काढायची. तिला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

अरुंधतीने ते दोन-तीन दिवस मनाशी खूप वाद घातला. अंतरा आली तर कप आला. कप आला तर संघ राहिला. संघात बारा पोरी. एकीसाठी बाकीच्यांचं नुकसान करायचं का? आणि दैवशालाला तरी काय, इथंही बसायचं, तिथंही बसायचं. उलट नांदेडची एक गार्ड म्हणे लग्न होऊन चाललीय. तिथं तिला पहिल्या पाचांत घेतीलही. असा विचार केला की बरं वाटायचं. पण ते बरं वाटणं टिकायचं नाही. जालन्यातली नोकरी सोडून दैवशाला नांदेडला खेळायला जाणार कशी, हा प्रश्न तिला प्रत्येक वेळी शेवटी पडायचा, आणि प्रत्येक वेळी ती तो उद्यावर ढकलायची.

अशातच गुरुवारी दुपारी दैवशालाचे वडील, पुंजाराम, तिच्या दारात उभे राहिले. मोंढ्यात तूर विकायला घेऊन आले होते. खांद्यावर मोसंब्यांची पिशवी.

"आल्तो मोंढ्यात, म्हनलं मॅडमला भेटून जावं," पायरीवर वहाणा काढत ते म्हणाले. खुर्चीवर बसायला तयार नव्हते. अरुंधतीने आग्रह केला तेव्हा कडेला टेकले. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "मॅडम, एक इचारायचं व्हतं. पोरीला जाफराबादचं स्थळ आलंय. मानसं बरी हायेत. पन ती म्हनती, एवढा सीझन होऊ द्या. मॅडमला माझी गरज हाय म्हनती. खरंय का?"

अरुंधतीने पिशवी उचलून टेबलावर ठेवली. "खरं आहे," ती म्हणाली.

"मंग ठीक. मी त्यांना थांबा म्हनून सांगतो." पुंजाराम एकदम हलके झाले. "गावात लोक बोलत्यात, अठ्ठावीस वर्साची घोडी झाली, चड्डी घालून खेळून राह्यली. मी म्हनतो, बोलू द्या. मॅडमला गरज हाय तिची. तुमच्या भरवशावर ठिवली बघा हितं."

ते गेल्यावर अरुंधतीने मोसंबी टोपलीत काढून ठेवली. त्याच वेळी शेठांना फोन करून नाही म्हणता आलं असतं. फोन तिच्या शेजारीच पडला होता.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर तिने स्वराला थांबवून घेतलं. स्वरा संघाची कप्तान. तिच्या कानावर घालणं भाग होतं. स्वराला हे पटेल, अंतराच्या नावानेच ती उड्या मारेल, अशी अरुंधतीची अटकळ होती. झालं उलटंच.

"दैवीला द्यायचं?" स्वरा म्हणाली. "मॅडम, मी आत एवढी बिनधास्त खेळते ना, ती कशामुळे? मी बाहेर गेले तरी काही बिघडत नाही हे मला माहीत असतं. ती गेली तर मला जपून खेळावं लागेल. मला जपून खेळता येत नाही."

"आपल्याला उंची हवी, स्वरा. गेल्या वर्षी बघितलंस ना."

"मग मला द्या."

"तू येडी आहेस का?"

"नाही ना देणार? कारण माझे पप्पा येऊन भांडतील, पेपरात छापून येईल. दैवी काही बोलणार नाही, म्हणून तिला." स्वराने चेंडू बगलेत मारला. "तिला विचारलं तरी का?"

"विचारते," अरुंधती म्हणाली.

विचारलं नाही. शनिवारी दुपारी शेठांच्या दुकानात तिने सही केली. लीगच्या नियमात दोन्ही संघांच्या सह्या पुरत होत्या. खेळाडूला पटलं तर जायचं, नाही तर घरी बसायचं. सही करताना तिच्या मनात स्वराचं वाक्य होतं. ते खोटं ठरवायला तिच्यापाशी काही नव्हतं. दैवशाला कधी कुरकुर करत नाही, हीच गोष्ट तिला सगळ्यात आवडायची, आणि त्याच गोष्टीच्या जोरावर आपण हे करतोय, हे तिला पेन हातात असतानाच स्वच्छ कळत होतं. तरी तिने सही केली.

सोमवारी सकाळी ती मुद्दाम लवकर मैदानावर गेली. दैवशाला झाडत होती. अरुंधतीने उभ्या उभ्याच सांगितलं. पाठ करून आणलेलं सगळं एका दमात सांगितलं: अंतरा, उंची, बारा पोरी, नांदेडला मिळणारी संधी.

दैवशालाने झाडू भिंतीला लावला. हात ओढणीला पुसले.

"झालं का पक्कं?" तिने विचारलं.

"झालं."

"बराबर हाय, मॅडम. उंची तर लागतेच आपल्याला." 'आपल्याला' म्हणाली, आणि स्वतःच जरा थांबली. "नांदेडचा सराव कधी असतो? मला शनिवारी अर्धीच सुट्टी हाय."

"मी बोलते त्यांच्या कोचशी."

"अन् जर्सी? आज देऊ का धुऊन देऊ? कालची घामाची हाय."

अरुंधतीला वाटलं, हिने आता दोन शब्द बोलावेत. भांडावं, रडावं, निदान का म्हणून विचारावं. दैवशाला उत्तराची वाट बघत उभी होती.

"धुऊन दे," अरुंधती म्हणाली.

नांदेडच्या कोचशी ती खरंच फोनवर बोलली. तो गोड बोलला. पण त्यांची लग्न होऊन जाणारी गार्ड गेलीच नाही. लग्न पुढं ढकललं गेलं. अंतराशी त्यांचं पटत नव्हतं, ती त्यांना नको होती, आणि बदल्यात काहीतरी घ्यायचं म्हणून त्यांनी गार्ड घेतली होती. दर शुक्रवारी संध्याकाळी दैवशाला शनिवारची रजा टाकून जालन्याहून गाडी पकडायची, आणि रविवारी रात्री परत यायची. आत मात्र तिला कुणी पाठवत नव्हतं. हे सगळं स्वराकडून कळायचं. स्वरा आता अरुंधतीशी कामापुरतंच बोलायची.

फेब्रुवारीत नांदेडचा संघ जालन्याला खेळायला आला. दैवशाला समोरच्या बेंचच्या टोकाला बसली होती, निळ्या जर्सीत. जर्सी तिला मोठी होत होती. पहिल्या पाचांतल्या पोरी बाहेर आल्या की ती उठून त्यांना पाण्याच्या बाटल्या द्यायची. तिसऱ्या क्वार्टरमध्ये स्वराचा चौथा फाउल झाला. अरुंधतीच्या तोंडातून हाक निघायचीच बाकी होती. ती तिने गिळली, आणि एका नवख्या पोरीला आत पाठवलं. पोरीने चेंडू घालवला, पुन्हा घालवला. पण अंतरा बास्केटखाली उभी होती. जालना जिंकलं. सामन्यानंतर दोन्ही संघांनी हात मिळवले. दैवशाला अरुंधतीपाशी आली, वाकून पायाला हात लावला आणि म्हणाली, "अंतरा चांगली खेळून राह्यली, मॅडम." चेहऱ्यावर काहीच नव्हतं. अरुंधतीने तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, तोवर ती पुढच्या पोरीकडे सरकली होती.

मार्चमध्ये जालन्याने कप जिंकला. अंतराच्या जिवावरच जिंकला, यात शंका नव्हती. अरुंधतीचा हिशोब पै न् पै बरोबर निघाला. उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, गुलाल उधळला गेला. शेठ कप डोक्यावर धरून सगळ्यात पुढे उभे होते. त्याआधीच नगरपालिकेची निवडणूक ठरली होती आणि शेठांना उमेदवारी हवी होती. ती मिरवणुकीनंतर आठवड्याभरात मिळाली. त्यानंतर त्यांनी अरुंधतीला पुन्हा दुकानावर बोलावलं.

"मॅडम, तुमी तर कमाल केली," ते म्हणाले. "पन आता मला या बाजूनं बघायला टाइम न्हाई. पुढल्या साली टीम न्हाई घेत मी."

"कप आणला ना आम्ही," अरुंधती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लहान पोरीसारखा वाटला.

"आनला म्हनूनच तर. जिंकून बंद केलेलं बरं दिसतं. हरून बंद केलं तर लोक हसत्यात."

संघ मोडला. अंतराला पुण्याच्या कुणीतरी बोलावलं. स्वरा एमबीएला गेली, जाताना भेटून गेली नाही. सकाळच्या वेळी अरुंधती अजून मैदानावर जायची, पण तिथं आता नगरपालिकेच्या घंटागाड्या उभ्या केलेल्या असायच्या. एके दिवशी ती बियाणे कंपनीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. दैवशालाला भेटायचं, निदान माफी मागायची, एवढं तिने ठरवलं होतं. रखवालदाराने आत विचारून येऊन सांगितलं की त्या मॅडम नोकरी सोडून गेल्या. रजा संपल्या होत्या, बिनपगारीही फार झाल्या होत्या. साहेबांनी एक तर खेळ म्हणा नाहीतर काम म्हणा असं सांगितलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. सीझन संपायला तेव्हा दोनच सामने उरले होते.

रविवारी अरुंधती एसटीने कुंभार पिंपळगावला गेली. त्या दिवशी ऊन रणरणत होतं. पुंजारामांचं घर गावाच्या टोकाला, पत्र्याच्या पडवीचं. तिला बघून पुंजाराम धावत बाहेर आले. बाजेवर सतरंजी टाकली, पंखा तिच्याकडे वळवला. दैवशालाची आई उषाबाई पाणी घेऊन आली, आणि डोळ्यांना पदर लावून उभी राहिली.

"मॅडम, तुमी आल्या," पुंजाराम म्हणाले. "मला तर तोंड दाखवायला जागा न्हाई ठिवली पोरीनं."

अरुंधतीला कळेना. "काय झालं, भाऊ?"

"काय व्हायचं राह्यलं? तुमी तिला घडवली, येवढा जीव लावला. अन् मोठ्या टीमनं बोलावलं म्हनून ही तुमाला सोडून नांदेडला गेली. मला म्हन्ली, मीच मागून घेतलं, तिथं मला बराबर खेळायला भेटंल. मी म्हनलं, अगं, मॅडमला गरज हाय म्हन्ली व्हतीस ना? तर गप. त्या दिवसापासून मी तिच्याशी धड बोललो न्हाई. जी पोरगी गुरूला सोडती, तिच्या शब्दावर काय भरवसा ठिवायचा? जाफराबादवाल्यांना होकार कळवून टाकला. म्हनलं, आता तिचं काहीबी ऐकायचं न्हाई."

आतल्या दाराशी दैवशाला उभी होती. हातात चहाचं ताट. ती अरुंधतीकडे बघत होती आणि तिची मान अगदी थोडी, नाही म्हणाल्यासारखी, हलली.

पण अरुंधतीला आता गप्प राहवलं नाही. "भाऊ," ती म्हणाली, "तिने नाही सोडलं मला. मी तिला दिली. दुसरी उंच मुलगी पाहिजे होती म्हणून तिच्या बदल्यात दिली. तिला विचारलंसुद्धा नाही. तुम्ही माझ्या घरी आलात ना, मोसंबी घेऊन, तेव्हा हे चाललेलंच होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

पुंजाराम तिच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"लई मोठ्या मनाच्या तुमी, मॅडम," ते म्हणाले. "तिचं झाकायला सवताच्या अंगावर घेऊन राह्यल्या."

"नाही भाऊ, खरं सांगतेय मी."

"असू द्या, असू द्या. मला का कळत न्हाई व्हय? मानसाची काय अदलाबदल असती? ढोरं हायेत का ती?" आणि दाराकडे वळून ते म्हणाले, "बघ. बघ, तू कुनाला सोडून गेल्ती ते."

दैवशालाने ताट खाली ठेवलं. "चहा घ्या, मॅडम," ती म्हणाली.

अरुंधतीने आणखी दोनदा सांगून पाहिलं. जितकं ती सांगत गेली तितका पुंजारामांच्या नजरेतला तिचा मान वाढत गेला. उषाबाईने जाताना तिची ओटी भरली. दैवशाला फाट्यापर्यंत पोचवायला आली. दोघी उन्हात बाभळीच्या विरळ सावलीला उभ्या राहिल्या.

"असं का सांगितलंस घरी?" अरुंधतीने विचारलं.

"मंग काय सांगायचं? तुम्हाला माझी गरज न्हाई म्हणून? वडलांनी त्याच दिवशी घरी आणलं असतं. निदान सीझनभर तरी खेळायला भेटंल म्हणलं." तिने उन्हाला डोळ्यांवर हात धरला. "भेटलं न्हाई, ती गोष्ट वेगळी."

"मला एकदा विचारायला पाहिजे होतं तुला."

"विचारलं असतं तर मी हो म्हणले असते," दैवशाला म्हणाली. "मी कधी तुम्हाला न्हाई म्हणले? तुम्ही विचारलं असतं ना, तर मी आनंदानं गेले असते, मॅडम. तुमच्या कामाला गेले, असं तरी वाटलं असतं मला."

"वडलांना तू सांग. तुझं ऐकतील. लग्न थांबेल अजून."

"आता कशासाठी थांबवायचं?"

संघ राहिला नव्हता, दैवशालाची नोकरीही राहिली नव्हती. जालन्याची एसटी आली. दैवशालाने हात केला, गाडी थांबली, आणि अरुंधती चढली. खिडकीतून तिने मागे बघितलं तेव्हा दैवशाला गावाकडे चालू लागली होती.

वैशाखात जाफराबादच्या मुलाशी लग्न लागलं. पुंजाराम स्वतः जालन्याला येऊन आमंत्रण देऊन गेले होते, त्यामुळे न जाण्याची सोय नव्हती. मंडपात त्यांनी अरुंधतीला हाताला धरून व्याह्यांपुढे नेलं. "या मॅडम," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पोरीला यांनीच घडवली. पोरगी नादान, यांना सोडून गेल्ती. तरी मनात न ठिवता आल्या बघा." व्याह्यांनी नमस्कार केला. बाशिंग बांधलेली दैवशाला दोन हातांवर उभी होती. तिला ऐकू गेलं असणारच. तिने मान खाली घातली. नवरा मुलगा हसून तिला काहीतरी म्हणाला, आणि ती हो म्हणाल्यासारखी मान हलवत राहिली.

मग पंगत बसली. पुंजारामांनी अरुंधतीला पाहुण्यांच्या रांगेत पहिल्या पाटावर बसवलं, आणि बुंदीचं पातेलं वाढप्याच्या हातातून घेऊन स्वतः वाढायला आले.

"पोटभर जेवा, मॅडम," ते म्हणाले. "तुमचंच घर हाय."

अरुंधतीने घास उचलला. शेजारच्या बाईने विचारलं, तुम्ही मुलीच्या कोण. तिने घास गिळला, पाणी प्यायली, आणि शिक्षिका म्हणून सांगितलं. पुंजाराम पुन्हा वाढायला आले. ती नको म्हणाली, त्यांनी ऐकलं नाही. वाढलं तेवढं सगळं तिने खाल्लं.